विषय: आईच्या गाडीला फिल्म – शनिवारच्या आत सांगा

प्रसन्न (सध्या कोथरूड), मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी, घाईत लिहितोय. रविवारी पहाटे निघतोय आणि शनिवारी सकाळी गाडी दुकानात द्यायचीय. गाडी तीच, वृंदाताईंनी गणपतीत नेली होती ती. चारही दारांच्या काचांना फिल्म लावायची की नाही, एवढाच प्रश्न.

आईच्या ल्युपसचं सगळ्यांना माहितीये, ऊन लागलं की कातडीवर चट्टे उठतात. गेल्या गुरुवारी कॅम्पात डॉक्टरांकडे जाऊन आलो, काचा बंद, एसी चालू, ती मागे डावीकडे बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हात दाखवला, डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक आणि बांगड्यांच्या खाली तेवढी कातडी जशीच्या तशी, दोन बांगड्यांच्या दोन पट्ट्या. म्हणजे काचेतून आलेल्या उन्हानेच झालं ना? बाबा म्हणतात काच बंद असताना ऊन लागतंच कसं.

दुकानदार म्हणतो, "साहेब, साइडला पन्नास टक्के कायद्यात बसतं, पन्नासची फिल्म मारून देतो, काही होत नाही." गाडी चालवणार संतोष, मी तिथे नसणार, चौकात त्याला अडवलं तर आई मागे बसलेली असणार. म्हणून विचारतोय.

---

श्रीकांतकाका (एडिसन), मंगळवार

प्रसन्न, वहिनींना नमस्कार सांग. आमच्या न्यू जर्सीत कातडीच्या किंवा डोळ्यांच्या अशा आजाराला मोटार व्हेइकल खात्याकडून फिल्मसाठी मेडिकल सवलत मिळते, डॉक्टरचा फॉर्म लागतो. तू पण डॉक्टरांचं पत्र घे आणि आरटीओत जाऊन अर्ज कर, रीतसर काम कर. मी २००८ मध्ये हॉलच्या भाड्याचा प्रश्न असाच लेखी अर्जाने सोडवला होता, जुन्यांना आठवत असेल.

---

विद्याधर (शिवाजीनगर), बुधवार, सकाळी ७:०५

काका, इथे तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००, त्यात आजारासाठी सवलत नाही. डॉक्टरांचं पत्र संतोषने दाखवलं तर पोलीस माणुसकीने सोडेल, पण तो हक्क नव्हे.

क्रम असा आहे. नियमात पुढची आणि मागची काच ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणारी हवी. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेत सांगितलं की हे टक्के काचेच्या घडणीचे आहेत, वरून कुठलीच फिल्म चिकटवायची नाही, कितीही पारदर्शक असो. मग नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून सेफ्टी ग्लेझिंग, म्हणजे आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काचही चालते, आयएस २५५३ भाग २ च्या मानकात बसली पाहिजे. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्ट म्हणालं की टक्के पाळले असतील तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

आता माझं स्पष्ट मत. नियम केंद्राचा आहे, निकाल चांगला आहे, पण तो केरळचा. कर्वे रोडला उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराला २०१२ चं आठवतं, २०२१ चं आठवेलच असं नाही. दंड कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा पंधराशे, तो भरून मोकळं होता येतं. पण वाद घालत वीस मिनिटं काच खाली करून गाडी उभी राहिली तर ज्याच्यासाठी एवढं केलं तेच ऊन आईंच्या अंगावर. म्हणून मी म्हणेन लावू नका, जाळीचे शेड घ्या.

---

मंगेश (फ्रीमाँट), बुधवार

विद्याधरने २०१२ काढलं म्हणून लिहितो. मी तेव्हा सुट्टीला पुण्यात होतो, ४ मे पासून कारवाई सुरू होणार म्हणून सगळं पुणं फिल्म खरवडत होतं. आमच्या अण्णांनी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली आणि मागच्या काचेची फिल्म ब्लेडने काढायला घेतली, फिल्म निघाली पण गोंद राहिला, तो काढायला रॉकेल लावलं, परत ब्लेड, आणि त्या काचेवर धुकं घालवायच्या बारीक तांबूस रेघा असतात ना, त्यातल्या चार तुटल्या. पुढचे सगळे पावसाळे अण्णांनी मागचं न दिसता गाडी चालवली. प्रसन्न, काहीही कर, मागच्या काचेला हात लावू देऊ नकोस. आणि कधी काढायची वेळ आलीच तर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून सावकाश सोलायची, ब्लेड नाही.

---

अनघा (लिस्ट सांभाळणारी), बुधवार

सर्वांना विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या हॉलच्या डिपॉझिटची मेल सोमवारी पाठवलीय, तिला दोन उत्तरं आली आणि इथे रात्रीत चार. काकूंसाठी मनापासून वाईट वाटतं, प्रसन्नला मी फोन करणारच आहे, पण गाडीच्या काचा वैयक्तिक मेलवर बोला.

---

श्रीकांतकाका, बुधवार

अनघा, लिस्ट सुरू झाली तेव्हा मी होतो. ती सुरूच झाली भारतातल्या आईवडिलांच्या अडचणी एकमेकांना विचारायला, कार्यक्रम नंतर आले. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गाडी पुण्यात कोणीतरी दुसरंच चालवतंय. हा विषय इथेच राहू दे. डिपॉझिटचा चेक मी आज टाकतो.

---

वृंदा (बाणेर), बुधवार, रात्री १०:४०

आज दिवसभर दवाखान्यात होते, आत्ता सगळं वाचलं. विद्याधर, तुमचं कायद्याचं बरोबर आहे पण दुकानदाराच्या हिशेबाकडे कोणी बघितलंच नाही, खरी मेख तिथे आहे.

पन्नास टक्के म्हणजे काच आणि फिल्म मिळून पन्नास. कंपनीची साधी काच सुद्धा शंभर टक्के प्रकाश सोडत नाही, तिला हिरवट झाक असते. समज तुझी काच ७५ सोडते. तिच्यावर पन्नासची फिल्म लावली की ७५ च्या निम्मे, म्हणजे साडेसदतीस. झाली ना बेकायदा! सत्तरची फिल्म लावली तर साडेबावन्न, काठावर पास. म्हणून आधी तुझी नुसती काच मीटरने मोजून घे, फिल्म लावल्यावर परत मोज. ज्या दुकानात मीटर नाही तिथून गाडी परत आण.

दुसरं, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. साधी काच अतिनील किरणांमधले यूव्हीबी बरेचसे अडवते, म्हणून आपल्याला वाटतं ऊन लागत नाही, पण यूव्हीए बाजूच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. पुढची काच वेगळी असते, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, अपघातात चुरा होऊ नये म्हणून, आणि तोच पडदा यूव्हीए जवळपास सगळे अडवतो. बाजूची काच एकेरी, कडक केलेली, तिच्यात तो पडदा नाही. त्यामुळे काकूंना जपायला काच काळी असायची गरजच नाही. काळी काच उजेड अडवते, चट्टा उजेडामुळे उठत नाही. दिसायला जवळपास पारदर्शक आणि यूव्ही अडवणारी फिल्म मिळते, तीच माग. ती लावलीय हे हवालदाराला लांबून कळणारही नाही, म्हणजे विद्याधर, तुमची वीस मिनिटंही वाचतात. जाळीचा शेड मी वापरून बघितलाय, भोकांतून ऊन येतं, काच खाली केली की बाहेर उडतो आणि संतोषला डावीकडचा आरसा नीट दिसत नाही.

आता बसण्याचं. कोथरूडहून कॅम्पात सकाळी निघालात की गाडी पूर्वेला, सूर्य जवळजवळ समोर, म्हणजे चांगल्या काचेतून. परत येताना दुपारी एकला तोंड पश्चिमेला आणि या दिवसांत सूर्य दक्षिणेला, म्हणजे बरोबर डावीकडे. काकू डावीकडे होत्या, डावाच हात भाजला. येताना त्यांना उजवीकडे बसव, हे आजपासूनच करता येईल. पण हे बारा महिने चालत नाही, १३ मेच्या आसपास पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि नंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला, तेव्हा बाजू उलटी. मी हे माझ्या सासूबाईंसाठी गच्चीत काठी रोवून बघितलंय.

---

मंगेश, बुधवार

वृंदाताईंच्या मेलमध्ये भर. धातूचा थर असलेली फिल्म घेऊ नको, मोबाइलचा सिग्नल आणि जीपीएस दोन्हीला त्रास देते. समोरच्या काचेला तर कधीच नको, तिथे फास्टॅग आहे, तळेगावच्या टोलला रीड नाही झाला तर मागची रांग हॉर्न वाजवते. सिरॅमिक फिल्मला ही भानगड नाही, महाग असते पण उष्णता पण अडवते. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडची, त्यामुळे पारदर्शक सिरॅमिक सुद्धा काम करते.

आणि परदेशी फिल्म शोधत बसू नका, गरवारेंची फिल्म संभाजीनगरला बनते. कर्वे रोडच्या गरवारे कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या आबासाहेबांचाच हा उद्योग. मी तिथे अकरावी-बारावी केली, समोर उसाचा रस मिळायचा.

---

विद्याधर, गुरुवार, सकाळी ६:५०

उसाचा रस कॉलेजच्या समोर नाही, अलीकडच्या गल्लीत होता, मीही तिथलाच.

वृंदाताईंचा हिशेब मान्य. मी काळी फिल्म गृहीत धरून लिहिलं होतं. पारदर्शक असेल तर माझा आक्षेप मागे, पण तीन गोष्टी करा. बिलावर फिल्मचं नाव, तिचे टक्के आणि मानकाचा क्रमांक छापून घ्या, हाताने लिहिलेलं नको. मोजल्याची नोंद शिक्क्यासकट घ्या. आणि नियम १०० ची प्रिंट डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या शेजारी ठेवा. संतोषला सांगा की अडवलं तर वाद घालू नको, काच खाली करू नको, स्वतः उतर, कागद दाखव, चलान केलंच तर घे आणि निघ. चलानाला नंतर कसं उत्तर द्यायचं ते मी बघतो, त्याचे पैसे घेणार नाही.

---

श्रीकांतकाका, गुरुवार

विद्याधर, रस गल्लीतच होता, बरोबर. पण मग आरटीओचा अर्ज करायचा की नाही?

---

प्रसन्न, शुक्रवार, रात्री ९:१५

काका, अर्ज नाही करत, तशी तरतूदच नाही.

आज दोन दुकानं फिरलो. पन्नासवाल्याला मीटर विचारलं तर म्हणाला डोळ्यांना कळतं. दुसऱ्याने ड्रॉवरमधून मीटर काढला, काचेच्या दोन्ही बाजूंना धरला, नुसत्या काचेचे ७६ आले. मग फिल्मचा नमुन्याचा तुकडा त्याच काचेला पाणी मारून चिकटवला आणि परत मोजलं, ६४. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी स्वतः आकडा वाचला, मग चष्मा काढून काचेतून आरपार बघितलं आणि म्हणाले यात तर काहीच काळं नाही. आईने आपला हात त्या काचेमागे धरला आणि काही न बोलता बराच वेळ तसाच ठेवला.

तर ठरलं, चार दारं आणि मागच्या दारांशेजारच्या दोन छोट्या तिकोनी काचा. मागची काच आणि समोरची तशीच. बिल छापील मिळणार आहे, मोजणीचा कागद शिक्क्यासकट. तीन दिवस काचा खाली करायच्या नाहीत असं दुकानदाराने सांगितलंय, नाहीतर कडा सुटतात, संतोषला बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवायला सांगितलीय.

वृंदाताई, पुढच्या गुरुवारी परत डॉक्टर आहेत आणि मी इथे नसणार. तुम्ही येताना तिला उजवीकडे बसवाल का? आणि शुक्रवारी सकाळी दोन्ही हात उजेडात बघून मला लिहाल? ती मला फोनवर खरं सांगत नाही.

---

वृंदा, शुक्रवार, रात्री ९:३२

साडेआठला कोथरूडला पोचते. बाह्या लांब असलेला ब्लाउज काढून ठेवायला सांग, बाकी मी बघते.