मदत हवी आहे: क्लाउन लोचचा काटा जाळीत अडकलाय

चार फुटी टाकी, लोच (टाकीत पाळायचा पट्टेदार मासा) साधारण साडेचार इंचांचा. डोळ्याखालचा काटा नायलॉनच्या जाळीत रुतलाय. जाळीसकट पाण्यातच ठेवलाय. ओढू का? काटा कापला तर चालेल?

उत्तर:
ओढू नका, काटा तर मुळीच कापू नका, ते हाड आहे. घाबरला की लोच तो बाहेर काढतो आणि तो तसाच ताठ अडकून राहतो. टोक शेपटीकडे असतं, त्यामुळे मासा शेपटीकडे ओढला की धागा काट्याच्या बगलेत आणखी आत जातो आणि डोळ्याजवळची कातडी फाटते.
आधी दिवा बंद करा, जाळी पाण्यात सैल सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा. शांत झाला की बरेचदा स्वतःच काटा मिटतो. नाहीच मिटला तर ओल्या हाताने मासा हलकेच धरा आणि नखं कापायच्या कात्रीने पाण्याखालीच काटा अडकलेल्या छिद्राभोवतीचे धागे कापा. उरलेला तुकडा टोकाकडे, म्हणजे शेपटीकडे सरकवला की निघतो. जाळी गेली तर जाऊ दे.

धागाकर्ता:
सुटला! गालावर लाल ओरखडा आहे. मीठ टाकू? उद्या दुसऱ्या टाकीत न्यायचाय.

उत्तर:
मीठ नको. लोचचे खवले अगदी बारीक असतात, मीठ आणि औषधं त्याला सोसत नाहीत. त्याच तापमानाचं पाणी घेऊन २५ टक्के बदला, तापमान २६ ते २८ अंश ठेवा. ओरखड्यावर कापसासारखं पांढरं दिसतंय का, अंगावर पांढरे ठिपके येतायत का, हे आठवडाभर बघा. ताणानंतर लोचला हा ठिपक्यांचा रोग लवकर होतो. शक्य असेल तर उद्याचं हलवणं पुढे ढकला.
न्यायचाच असेल तर झाकणाच्या प्लास्टिक डब्यातून न्या, पिशवीला हा काटा भोक पाडतो. शास्त्रीय नावातलं ‘मॅक्राकॅन्थस’ म्हणजे मोठा काटाच! पकडताना डबा आडवा बुडवा, जाळीने फक्त डब्याकडे हाका.

आणखी एक उत्तर:
आपल्या सह्याद्रीतल्या बोटिया स्ट्रायटा या लोचलाही डोळ्याखाली असाच काटा असतो, तोही डब्यानेच धरा. कोरी (कोरिडोरस) आणि शिंगाळा या मिशीवाल्या माशांचे काटे मात्र पाठीच्या आणि छातीच्या परांत असतात आणि त्यांच्या टोचण्यात विष असतं. बोटाला लागलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा-पाऊण तास हात बुडवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, ठणकणाऱ्या बोटाला चटका कळत नाही. सूज चढत गेली तर डॉक्टरकडे जा.