दवाखान्यातले कायमचे रहिवासी : अनुभव धागा

धागाकर्ती

उपचारासाठी आणलेलं, परत न्यायला कुणी न आलेलं आणि मग दवाखान्याचंच होऊन गेलेलं कुत्रं-मांजर पुण्यात बऱ्याच ठिकाणी दिसतं. काउंटरवर पसरलेला बोका सगळ्यांना आवडतो. पण तिथे रोज आजारी जनावरं येतात, त्यामुळे बारा महिने धडधाकट राहणं घरापेक्षा अवघड. हे काम रोज करणाऱ्यांनी लिहावं. कुठे सापडलं, किती गोड आहे, ते पुन्हा कधी. इथे कसं सांभाळायचं तेवढंच लिहा, मापांसकट.

परिचारिका, कर्वेनगर

गाडीची धडक बसून कण्याला मार लागलेल्या कुत्र्यांबद्दल लिहिते. त्यांचे मागचे पाय चालत नाहीत, पण त्यांचं आयुष्य पायांना आधार देणाऱ्या चाकाच्या गाडीपेक्षा लघवीवर अवलंबून असतं. मूत्राशय हाताने दाबून दिवसातून ३ ते ४ वेळा रिकामं करावं लागतं, रात्रीचं धरून. दोन्ही तळहात पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या पायांच्या अगदी पुढे ठेवायचे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतं ते मूत्राशय. बोटं खुपसायची नाहीत. सपाट हाताने हळूहळू दाब वाढवायचा, शेपटीच्या दिशेने, आणि धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवायचा. बेताच्या दाबाने येत नसेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना नळी घालायला सांगायचं. जोर केला तर मूत्राशय फुटू शकतं.

नवीन मुलं हमखास फसतात ती इथे: गादी ओली दिसते म्हणून ‘याला आपोआप होते’ असं समजतात. ती भरून ओसंडलेली लघवी असते, आत मूत्राशय तट्ट भरलेलंच असतं. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. म्हणून दर वेळी रंग आणि वास तक्त्यावर लिहायचा. गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची लघवी दिसली की त्याच दिवशी तपासणीला पाठवायची.

कूस दर ४ तासांनी बदलायची. नितंबाच्या आणि कोपराच्या हाडावर केस विरळ होऊन कातडी लाल दिसली की तीच जखमेची सुरुवात. कातडी धुऊन पूर्ण कोरडी करायची. लहान बाळांचं झिंकचं मलम मात्र नको. कुत्रं ते चाटतं आणि झिंक पोटात जाणं विषारी आहे. चाकाच्या गाडीत सुरुवातीला १५-२० मिनिटं पुरे. गाडीत त्याला बसता येत नाही, म्हणून जवळ माणूस हवाच.

सफाईचं काम पाहणारा, हडपसर

फिनाईल बंद करा. काळ्या फिनाईलमधले फिनॉलसारखे घटक मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी त्रास होतो. शिवाय पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू त्याने खात्रीने मरत नाही आणि तो जागेत महिनोन्‌महिने टिकतो.

आधी साबणाने घाण काढून फरशी धुवायची. मगच ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटर पाण्यात ३० मिली, आणि फरशी १० मिनिटं ओलीच राहू द्यायची. घाणीवर ओतलं तर औषध घाणीतच संपतं. लघवीवर किंवा संडासाच्या ॲसिडबरोबर तर कधीच नाही, विषारी वायू होतो. द्रावण रोज नवीन करायचं, उन्हाळ्यात तर नक्कीच. नंतर साध्या पाण्याने पुसून फरशी सुकली की मगच जनावर आत.

नवीन आलेलं जनावर १४ दिवस वेगळ्या खोलीत. त्याची भांडी वेगळी, झाडू वेगळा, आणि त्या खोलीचं काम दिवसाच्या शेवटी.

पशुवैद्य, कोथरूड

रक्तदानाबद्दल. धष्टपुष्ट आहे म्हणून दवाखान्यातल्या कुत्र्यालाच रक्तदाता करतात. ते करता येतं, पण हिशेब चुकतो. आपल्याकडची ३५० मिलीची पिशवी माणसासाठी बनवलेली असते. २५ किलोच्या कुत्र्याला ती चालते, किलोमागे १४ मिली पडतात. आपलं गावठी कुत्रं अनेकदा १६ किलोच्या आसपास असतं. त्याच्याकडून तेवढंच घेतलं तर किलोमागे जवळपास २२ मिली होतात, आणि ते जास्त आहे. बरं, पिशवी अर्धीच भरून थांबावं, तर तिच्यातलं ४९ मिली गोठणरोधक अर्ध्या रक्ताला फार होतं. ७ मिली रक्ताला १ मिली हे प्रमाण धरून जादाचं आधी काढून टाकावं, निर्जंतुक पद्धतीने. दोन वेळांत ३ महिने तरी जावेत.

त्याहून मोठी चूक म्हणजे फक्त स्लाइडवर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर विसंबणं. गोचीडतापाचे एर्लिकिया आणि बबेसिया गिब्सोनी हे जंतू वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही दडलेले असतात. पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी रक्ततपासणी, केल्याशिवाय दाता ठरवू नये.

मांजराचा रक्तगट जुळवल्याशिवाय एक थेंबही देऊ नये. ‘बी’ गटाच्या मांजराच्या रक्तात ‘ए’विरुद्ध प्रतिद्रव्यं जन्मजात तयार असतात, पहिल्याच वेळी थोड्याशा रक्तानेही जीव जाऊ शकतो. आणि माझं ठाम मत: म्हाताऱ्या, लंगड्या किंवा अजून माणसाला घाबरणाऱ्या रहिवाशाचं रक्त घेऊ नये. तो आपल्या दारात आहे म्हणून आपल्याला देणं लागत नाही.

शस्त्रक्रिया सहायक, औंध

मांजर शस्त्रक्रियेच्या खोलीत नको, हे केसांमुळे तर आहेच, पण दोऱ्यामुळे जास्त. टाक्यांचा दोरा सुईसकट गिळतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत अडकलेला दोरा आतडं कापत जातो. आधी एक्स-रे. सुयांचा डबा आणि वैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी झाकणबंद ठेवा.

कुत्र्याच्या पाठीवर गोचिडांसाठी परमेथ्रिनचं औषध लावलं असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका. मांजराला झटके येतात.

स्वयंसेविका, सिंहगड रोड

पोपट, घार, कासव यांना रहिवासी करू नका. संक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापलेल्या घारी येतात. प्रथमोपचार करा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे त्यांना ठेवून घेता येत नाही, पंख कायमचा गेला असला तरी.

आमच्या भागासाठी आणखी एक. जितकी जनावरं, तितके वाहून नेण्याचे पिंजरे, आणि तेही जूनच्या आधी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर इथल्या तळमजल्यांत पहाटे पाणी शिरलं होतं. आधी कुणाला बाहेर काढायचं त्या यादीत लंगड्या कुत्र्याचं नाव पहिलं, त्याला स्वतःहून जिना चढता येत नाही. उंदीर आणि साचलेलं पाणी म्हणजे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती, म्हणून कुत्र्यांची ती लस पावसाळ्याआधी पुरी झालेली हवी. काम करणाऱ्या मुलांनाही रेबीजची पूर्वलस द्या. तरीही चावलं तर १५ मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच डॉक्टर.

धागाकर्ती

कर्वेनगरच्या ताई, झिंक नको तर मग काय लावता?

परिचारिका, कर्वेनगर

साधी पेट्रोलियम जेली, अगदी पातळ थर, आणि कातडी पूर्ण सुकल्यावरच. ओल्यावर लावली तर ओल आतच कोंडते. मागच्या भागावरचे केस मशीनने बारीक ठेवा, म्हणजे धुणं-पुसणं २ मिनिटांत होतं. कातडी फाटलेली असेल तर जेलीही नको, डॉक्टरांना दाखवून ड्रेसिंग.