आईची चक्कर थांबली पण अंधारात तोल जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीतून विचारतोय. आई ६४ वर्षांची. दीड महिन्यापूर्वी अंथरुणात कूस बदलली की खोली गरगरायची, अर्धा मिनिट, मग आपोआप थांबायचं. मिरजेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेत. एपली मॅन्यूव्हर (डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणायची पद्धत) दोनदा केलं, गरगरणं पूर्ण थांबलं.

पण अजून तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झुकते, बेसिन घट्ट धरून उभी राहते, बघवत नाही. उजेडात मात्र नीट चालते. मला समजलं ते असं की कान, डोळे आणि पाय-सांधे या तिघांकडून येणारी माहिती जुळवून मेंदू तोल सांभाळतो, डोळे मिटले की कानाची कमजोरी उघडी पडते.

बीपी, शुगर नॉर्मल, ऐकू नीट येतं, पायाला मुंग्या नाहीत, चक्करेच्या गोळ्या १५ दिवसांनी डॉक्टरांनीच बंद केल्या. मानेचा स्पॉन्डिलोसिस आहे म्हणून व्हिडिओ बघून तोलाचे व्यायाम करवायची भीती वाटते.

नजर एका जागी ठेवून डोकं हलवायचा व्यायाम मानेचा त्रास असताना कुणी केलाय का, कसा जमवला, आणि सांगली-मिरजेत हे समोर बसवून शिकवणारे फिजिओ कुणाला माहितीयत का?