मदत हवी आहे: दीड वर्षाच्या लेकीच्या तोंडाला वास येतोय

नमस्कार मंडळी,

लेक दीड वर्षाची आहे. गेले दहा दिवस तिच्या तोंडाला वास येतोय. दुधाचा आंबूस वास नाही, चक्क कुजकट. पहाटे कुशीत शिरते तेव्हा नकळत मान वळते माझी, आणि मग जिवाला लागून राहतं.

सासूबाई म्हणतात जंत झालेत. शेजारच्या काकू म्हणतात रात्रीची बाटली. बाटली तोंडात धरूनच झोपायची सवय होती, हे खरं. ती मोडायला घेतलीय: आता आधी दूध, मग दात. मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दोन वेळा घासते, ओल्या मलमलीने जीभ पुसते. जिभेवरचा पांढरा थर पुसला की निघतो, म्हणजे दुधाचाच असावा. बुरशीचा असता तर इतक्या सहज निघाला नसता. पण अर्धा तास बरं, पुन्हा तेच.

ताप नाही, खाणंपिणं नीट. सर्दी आहे, तीही फक्त उजव्या नाकपुडीतून, हिरवट आणि घट्ट. डावी कोरडी. त्यामुळे तोंड उघडं टाकून झोपते, तोंड सुकूनही वास येतो ना?

दातांच्या डॉक्टरांकडे नेऊ की बालरोगतज्ज्ञांकडे?

प्रतिसाद:
ताई, वास तोंडाचा नसून नाकाचा असेल. एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड म्हटलं की नाकात काही अडकलंय का, ते आधी बघतात. माझ्या लेकाने हरभरा घातला होता. तो आत भिजून फुगला आणि आम्ही आठवडाभर सर्दीचं औषध पाजत बसलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. घरी चिमटा, कानकाडी काही घालू नका, आणखी आत सरकतं. आणि खेळण्यांतले, रिमोटमधले बटण सेल आत्ताच मोजा. एखादा कमी भरला तर रात्रीच निघा, तो काही तासांत आतली त्वचा जाळतो.

धागाकर्ती:
सेल सगळे जागेवर आहेत. ती झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात पाहिलं, उजव्या नाकपुडीत आत काहीतरी पिवळट दिसतंय. दिवाणावरच्या गादीचा कोपरा फाटलाय, त्यातला स्पंज ती बोटाने उकरत बसते. हात लावलेला नाही. सकाळी दहाची वेळ मिळालीय, आल्यावर लिहिते.