स्विफ्ट कोड आठ अक्षरी, फॉर्मवर चौकटी अकरा

गोंधळेश्वर: परदेशात पहिल्यांदाच पैसे पाठवतोय. समोरच्याने बिलावर बीआयसी म्हणून आठ अक्षरं दिलीत, माझ्या बँकेचा फॉर्म स्विफ्ट कोड मागतो आणि चौकटी अकरा. दोन्ही एकच का? आणि कोडात मधेच सीएच आहे, माणूस तर स्वित्झर्लंडचा, मग हे चीन कुठून आलं? रक्कम मोठी आहे हो, भलतीकडे गेली तर?

चौकटराणी: एकच. पहिली चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, शेवटची तीन शाखेची आणि ती नसली तरी चालतं. डॉइश बँकेचा डीईयूटी-डीई-एफएफ बघा, डीई जर्मनी, एफएफ फ्रँकफर्ट. चौकटी भरायच्याच असतील तर शेवटी तीन एक्स टाका, म्हणजे मुख्य कार्यालय. शाखेचा कोड गूगलवरून शोधून स्वतःच्या मनाने चिकटवू नका फक्त. आणि सीएच स्वित्झर्लंडच, देशाच्या लॅटिन नावावरून आलंय, चीनचं सीएन.

जुनाखातेदार: कोड हाताने लिहू नका, कॉपी-पेस्ट करा. मी एकदा फोटोत बघून कागदी फॉर्म भरला, सातव्या-आठव्या जागी २२ होतं, म्हटलं इथे आकडा कसा असेल, आणि झेड झेड लिहून मोकळा झालो. चार दिवसांनी बँकेतून फोन, असा कोडच नाही. नाही म्हणून वाचलो, दुसऱ्या कुणाचा निघाला असता तर बसलो असतो पत्रं लिहीत. आयबॅनमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, देशाच्या दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे पडताळणीचे असतात, एखादं अक्षर चुकलं की बहुतेक वेळा लगेच पकडलं जातं, स्विफ्ट कोडात तशी सोयच नाही.

चौकटराणी: हो, आयबॅनही मागून घ्या, स्विफ्ट कोडाने बँक कळते, खातं नाही. स्वित्झर्लंडचा २१ अक्षरांचा असतो, मोजा. आणि चार्जेसच्या रकान्यात ओयूआर (सगळे चार्जेस तुमचे) की एसएचए (दोघांत वाटून) ते आधी ठरवा. एसएचए केलंत तर मधली बँक आपलं कमिशन कापून घेऊ शकते, मग समोरचा म्हणणार पैसे कमी आले.

गोंधळेश्वर: मोजला, २० च भरतायत 😅 त्याला परत विचारलं तर म्हणे शेवटचा आकडा पीडीएफमध्ये खालच्या ओळीवर गेलाय. गेलाच होता. चार्जेस ओयूआर केलेत.