शब्दचर्चा: विदारण की धूप, हवा की हवामान?

प्रश्न

भूगोलावरचं एक छोटं टिपण मराठीत लिहायला घेतलं आहे. खडक, पाणी, हवा यांचे अगदी साधे शब्द हवेत, पण ते जोडीजोडीने समोर येतात आणि कुठे कुठला वापरायचा ते ठरत नाही. शिलारस आणि लाव्हा, विदारण आणि धूप, हवा आणि हवामान, पाऊस आणि वृष्टी, खाडी आणि आखात. यांत खरंच फरक आहे की कुठलाही चालेल?

प्रतिसाद

फरक आहे आणि तो लिहिताना जपायलाच हवा. यातल्या बऱ्याच जोड्यांत पदार्थ एकच असतो. तो कुठे आहे किंवा त्याचं काय होतंय, यावरून नाव बदलतं.

शिलारस म्हणजे भूपृष्ठाखालचा वितळलेला खडक. तोच ज्वालामुखीच्या मुखातून किंवा भेगेतून बाहेर आला की लाव्हा. बाहेर येताना त्यातले वायू निसटतात, शिवाय थंड होण्याचा वेगही बदलतो. खोलवर सावकाश थंड झालेल्या रसात स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात, तर उघड्यावर भराभर थंड झाल्यास कण फारच बारीक राहतात. एकाच घडणीच्या रसाचा खाली मोठ्या स्फटिकांचा खडक गॅब्रो होतो आणि वर बारीक कणांचा बेसॉल्ट. म्हणून ‘जमिनीखाली लाव्हा साठला’ असं लिहू नये, तिथे शिलारसच हवा.

भूकंपाच्या बातम्यांत ‘केंद्रबिंदू’ हा एकच शब्द दोन जागांसाठी वापरतात. ‘केंद्रबिंदू १० किलोमीटर खोल होता’ म्हणताना भूकंपनाभी अभिप्रेत असते, म्हणजे भूगर्भात जिथून खडक तुटायला सुरुवात झाली ती जागा. ‘केंद्रबिंदू अमुक शहराजवळ होता’ म्हणताना नाभीच्या थेट वर भूपृष्ठावर असलेलं अपिकेंद्र अभिप्रेत असतं. दोन्ही शब्द शालेय भूगोलातले आहेत, ते बिनदिक्कत वापरा.

आता विदारण. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बरीच वर्षं उघड्यावर पडलेला बेसॉल्टचा धोंडा फोडून पाहा. आत काळाकरडा, टणक दगड असतो, तर बाहेरच्या कडेला तपकिरी साल आलेली असते, कधी कधी चाकूने खरवडता येईल इतकी मऊ. पाणी आणि हवा यांच्यामुळे दगडातली लोहयुक्त खनिजं बदलली, गंजली, त्याची ही साल. ती जागच्या जागी तयार झाली आहे, एक कणही कुठे गेलेला नाही. हे विदारण. काही जण अपक्षय म्हणतात, तोही चालेल, पण एका लेखात एकच शब्द ठेवा. मुरूम हा विदारणातूनच तयार होतो.

या सालीचे कण पाण्याने किंवा वाऱ्याने सुटून निघाले की ती झीज. माती अशी निघून जाते तेव्हा धूप म्हणतात. दगडाची झीज होते आणि मातीची धूप होते, कानालाही तसंच बरोबर वाटतं. पुढे कण वाहून नेणं ते वहन आणि कुठेतरी टाकणं ते संचयन. सुटलेला माल केवळ गुरुत्वाकर्षणाने उतारावरून खाली आला तर पाठ्यपुस्तकात त्याला विस्तृत झीज म्हणतात. दरड कोसळणं हा त्यातलाच प्रकार.

संचयनावरून ‘गाळ’ आठवला. रोजच्या बोलण्यात गाळ म्हणजे तळाशी बसलेला चिखल. गाळाचा खडक म्हणताना मात्र त्यात वाळू येते, गोटेही येतात. वालुकाश्म हा गाळाचाच खडक, त्याचे कण साधारण २ मिलिमीटर ते एक-षोडशांश मिलिमीटर. हे वाचकाला एकदा सांगून टाका, नाहीतर तो चिखलच डोळ्यांसमोर आणेल.

खडकांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. दगडाच्या व्यापारात गॅब्रो किंवा डोलेराइट या गडद खडकांनाही ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणतात आणि पॉलिश होणारा कुठलाही चुनखडक ‘मार्बल’ म्हणून खपतो. भूशास्त्रात संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला चुनखडकच. ती नावं टिपणात जशीच्या तशी घेऊ नका.

हवेकडे येऊ. शालेय भूगोलात व्याख्या स्पष्ट आहे: एखाद्या ठिकाणची, त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा आणि दीर्घकाळच्या हवेची सरासरी म्हणजे हवामान. त्यासाठी जागतिक हवामान संघटना ३० वर्षांचा काळ धरते. व्यवहारात मात्र ‘हवामान अंदाज’ उद्या-परवाचा असतो. ‘हवामान बदललं’ म्हणजे सकाळी ऊन होतं आणि दुपारी ढग आले, तर ‘हवामान बदल’ म्हणजे कित्येक दशकांत दिसणारा फरक. माझं मत असं की ‘हवामान अंदाज’ रुळलेला आहे, त्याला हात लावू नये. पण जिथे दोन्ही कल्पना एकत्र येतात तिथे ‘रोजची हवा’ आणि ‘दीर्घकालीन हवामान’ असं फोडून लिहावं. ‘वातावरण’ पृथ्वीभोवतीच्या वायूंच्या आवरणासाठी राखून ठेवा. ‘ढगाळ वातावरण’ऐवजी ‘आकाश ढगाळ’ म्हटलं की काम होतं.

पाऊस हा वृष्टीचा एक प्रकार. हिम आणि गारा हेही वृष्टीच.

आणखी एक प्रश्न

मग दव? तेही ‘पडतं’च की. वृष्टीत का धरत नाहीत?

प्रतिसाद

मराठीत थंडी पडते, ऊन पडतं, धुकंही पडतं, त्या क्रियापदावर जाऊ नका. दव वरून येत नाही. रात्री जमीन आणि गवत उष्णता बाहेर टाकून गार होतात, त्यांना लागून असलेली हवाही गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी थेट पात्यावरच होतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. पण दवाच्या थेंबालाही दवबिंदूच म्हणतात, तेव्हा टिपणात ‘दवबिंदू तापमान’ असं पूर्ण लिहा. तापमान शून्य अंशाखाली असेल तर पानांवर बर्फाचे कण साचतात, त्याला भूगोलात दहिवर म्हणतात. एरवी दहिवर नुसत्या दवाच्या अर्थानेही येतो, म्हणून पहिल्यांदा वापरताना अर्थ द्यावा. धुकं म्हणजे जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब. त्यांच्यामुळे १ किलोमीटरपलीकडचं दिसेनासं झालं की शास्त्रीय अर्थाने धुकं. त्यात धूर मिसळला की धुरकं.

खाडी-आखाताचं राहिलंच. भरतीचं पाणी आत शिरतं असं नदीचं मुख किंवा समुद्राचा अरुंद फाटा म्हणजे खाडी. समुद्राचा मोठा भाग जमिनीत खोल घुसला की आखात, रुंद तोंडाचा असला की उपसागर. शेवटच्या दोघांतली सीमा रूढीने ठरलेली आहे, नावं आहेत तशी घ्यावीत. हिंदीत या सगळ्यांना ‘खाडी’ चालतं, त्यामुळे अलीकडे ‘खाडी देश’ असंही मराठीत छापून येतं. आपल्याकडे ते आखाती देश, आणि बंगालचा तो उपसागर.

पाण्याबद्दल लिहिणारच आहात तर पाणलोट क्षेत्र आणि जलविभाजक यांचीही गल्लत टाळा. ज्या प्रदेशात पडलेलं पाणी उतरून एकाच प्रवाहाला मिळतं तो प्रदेश म्हणजे पाणलोट क्षेत्र. शेजारच्या दोन क्षेत्रांमधली उंचावरची हद्द म्हणजे जलविभाजक. नकाशावर जलविभाजक रेघेने दाखवा आणि पाणलोट क्षेत्र रंगाने भरा.