मदत हवी आहे: मडी वॉटर्सच्या मागे कुणाला ऐकू?

मंडळी, सध्या मडी वॉटर्स या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाने पुरतं झपाटलंय. १९४१ साली मिसिसिपीतल्या मळ्यावर त्याचं ध्वनिमुद्रण झालं ते साध्या गिटारवर. १९४३ला तो शिकागोला गेला आणि बारमधल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून पुढे इलेक्ट्रिक गिटार घेतली. पण स्लाइडने (तारांवर घसरवायची काचेची वा धातूची नळी) काढलेली ती मींडेसारखी घसर सुटली नाही! (आमचे गुरुजी ऐकून एवढंच म्हणाले, "सुरात आहे हो.")

आता उलटं मागे, मिसिसिपी डेल्टातल्या त्याच्या आधीच्या ब्लूज गायकांकडे जायचंय. आधी सन हाउस ऐकू की रॉबर्ट जॉन्सन? मडीच्या गाण्यात मला तरी सन हाउसच जास्त दिसतो, चुकतोय का? आणि १९५७ला शिकागोत आलेल्या ब्लूज गिटारवादक बडी गायच्या वादनात डेल्टाचा हा धागा नेमका कुठे ऐकायचा?